वाचकांचे प्रश्न : संगीतनिर्मितीसाठी संगणक जुळवताना

संगीताच्या कामासाठी सुटे भाग निवडून संगणक असेंबल करू इच्छिणाऱ्या वाचकांकडून मागील अंकात प्रश्न मागवले होते. बऱ्याच पत्रांचा रोख सारखाच असल्याने काही प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे देताना कोणत्याही एका कंपनीचा पुरस्कार करण्यापेक्षा निवडीमागचे कारण सांगण्यावर भर दिला आहे, कारण मॉडेलची नावे दर वर्षी बदलतात, पण ध्वनीवर प्रक्रिया करण्याची संगणकाची रीत तीच राहते.

प्रश्न : मी घरी गाण्यांचे संगीत संयोजन करतो. नव्या संगणकासाठी दोन प्रोसेसर पाहून ठेवले आहेत. एकात सोळा कोअर (स्वतंत्रपणे गणित करणारे भाग) आहेत, पण प्रत्येकाचा वेग थोडा कमी आहे. दुसऱ्यात आठच कोअर आहेत, पण ते अधिक वेगवान आहेत. कोणता घ्यावा?

उत्तर : आपल्या कामाचे जे वर्णन आपण केले आहे, त्यावरून आठ वेगवान कोअरचा प्रोसेसर घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागचे कारण थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढच्या जवळजवळ सर्व उत्तरांचा पाया तेच आहे.

ध्वनीची प्रक्रिया लहान लहान तुकड्यांत होते आणि या तुकड्याची लांबी म्हणजे बफर. सेकंदाला ४८,००० सॅम्पल (ध्वनीची मोजमापे) या दराने काम चालू असेल आणि बफर १२८ सॅम्पलचा ठेवला असेल, तर एका तुकड्यासाठी संगणकाला सुमारे २.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत सर्व ट्रॅक, सर्व प्लगइन (ध्वनीवर संस्कार करणारी किंवा वाद्यांचा आवाज देणारी जोड-सॉफ्टवेअर) आणि शेवटचे मिश्रण यांचे गणित पूर्ण व्हावेच लागते. लगेच पुढचा तुकडा दारात उभा असतो. व्हिडिओ रेंडर करताना संगणक मध्येच अर्धा सेकंद रेंगाळला तर काम अर्धा सेकंद उशिरा संपते, बाकी काही बिघडत नाही. ध्वनीच्या बाबतीत एकच तुकडा उशिरा आला तरी कानाला तडतड ऐकू येते, आणि त्या वेळी गायक गात असेल तर तो टेकही वाया जाऊ शकतो. म्हणून सरासरी वेग कितीही मोठा असला, तरी आपल्या उपयोगाचा संगणक तोच, जो प्रत्येक तुकडा वेळेत हातावेगळा करतो.

आता कोअरच्या संख्येकडे वळू. गायनाच्या एका ट्रॅकवर सूर सुधारणारा प्लगइन, त्यामागे इक्वलायझर, मग कॉम्प्रेसर, मग सॅच्युरेशन अशी साखळी लावलेली असते. कॉम्प्रेसरला इक्वलायझरमधून बाहेर पडलेला ध्वनी हातात आल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. त्यामुळे एका ट्रॅकची साखळी सामान्यतः एकाच कोअरवर चालते आणि शेजारचे पंधरा कोअर मोकळे असले तरी त्यांची तिला मदत होत नाही. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर वाटले जातात हे खरे, परंतु ते सर्व शेवटी बसवर (अनेक ट्रॅक एकत्र करणाऱ्या वाटेवर) आणि तेथून मास्टर चॅनेलवर, म्हणजे अखेरच्या वाटेवर, एकत्र येतात. मास्टरवरची साखळी पुन्हा एकामागून एकच चालावी लागते. मास्टरवर चार जड प्लगइन ठेवून मिक्सिंग करणाऱ्यांना तडतड ऐकू येते, तेव्हा बहुधा एकच कोअर दमलेला असतो.

यात आणखी एक बारकावा आहे. क्यूबेस या संगीताच्या सॉफ्टवेअरमधील एएसआयओ-गार्ड किंवा रीपर या तशाच सॉफ्टवेअरमधील अशाच सोयीमुळे आधी ध्वनिमुद्रित झालेल्या ट्रॅकचे गणित सॉफ्टवेअर थोडे पुढचे करून ठेवते, म्हणजे त्यांच्यावरचा वेळेचा ताण कमी होतो. पण ज्या ट्रॅकवर आपण त्या क्षणी गात किंवा वाजवत असतो, त्याचे गणित आगाऊ करता येणे शक्यच नसते, कारण तो ध्वनी अजून जन्मलेलाच नसतो. कीबोर्डवर एखादा जड सिंथेसायझर वाजवून पाहताना सगळा भार एका कोअरवर येतो तो यामुळेच.

तुलना करताना चाचण्यांतील सिंगल-कोअर गुण आधी पाहावेत आणि मल्टि-कोअर गुण नंतर. इंटेलने २०२१ मध्ये आणलेल्या बाराव्या पिढीपासून बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये वेगवान आणि कमी वीज खाणारे असे दोन प्रकारचे कोअर एकत्र असतात. असा प्रोसेसर घेतल्यास विंडोज ११ आणि संगीताच्या सॉफ्टवेअरची अलीकडची आवृत्ती वापरावी, म्हणजे कामाची वाटणी नीट होते. एएमडीच्या बारा आणि सोळा कोअरच्या डेस्कटॉप रायझन प्रोसेसरमध्ये कोअर बहुधा दोन वेगळ्या चिपलेटवर (छोट्या चिपवर) विभागलेले असतात आणि एकीकडून दुसरीकडे माहिती जाण्यास थोडा अधिक वेळ लागतो. मिक्सिंगमध्ये याचा त्रास क्वचितच जाणवतो, पण अगदी लहान बफरवर काम करणाऱ्यांना आठ कोअरचा एकसंध प्रोसेसर अधिक सोयीचा वाटू शकतो. इंटेलच्या तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर घेण्याचा विचार असेल, तर जपून पावले टाकावीत. त्यांतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अतिरिक्त व्होल्टेजमुळे अस्थिर होतात हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य करून मायक्रोकोडद्वारे (प्रोसेसरच्या आतील सूचना बदलून) उपाय दिला आहे, आणि तो मदरबोर्डचे बायोस (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यावर लागू होतो. आधीच झालेली हानी मात्र त्याने भरून निघत नाही.

सोळा किंवा त्याहून अधिक कोअरचे चीज होते ते शेकडो ट्रॅकचे वाद्यवृंद-संयोजन करणाऱ्यांकडे, जेथे प्रत्येक वाद्य स्वतंत्र ट्रॅकवर असते आणि प्रत्येकाची साखळी आखूड असते.

प्रश्न : रॅम १६ जीबी पुरेल की ६४ जीबी घ्यावी? सध्या दोन स्टिक घालून नंतर आणखी दोन वाढवल्या तर चालेल का?

उत्तर : रॅमची गरज सॅम्पल लायब्ररी किती वापरता यावर ठरते. येथे सॅम्पल म्हणजे वाद्याचा मुद्रित केलेला एकेक स्वर, आणि लायब्ररी म्हणजे अशा स्वरांचा संग्रह. पियानोच्या चांगल्या लायब्ररीत प्रत्येक पट्टी हळू, मध्यम आणि जोरात अशी अनेक पातळ्यांवर ध्वनिमुद्रित केलेली असते. हे सगळे रॅममध्ये मावत नाही, म्हणून कॉन्टॅक्टसारखे सॉफ्टवेअर प्रत्येक सॅम्पलचा फक्त सुरुवातीचा भाग रॅममध्ये ठेवते आणि पट्टी दाबली की उरलेला भाग डिस्कवरून वाचू लागते. एका पियानोला अशी थोडीच जागा लागते, पण संपूर्ण वाद्यवृंद उघडला की हेच सुरुवातीचे तुकडे दहांच्या पटीत जीबी व्यापतात. आवाज, गिटार आणि थोडी आभासी वाद्ये एवढेच काम असेल तर १६ जीबीवर चालू शकते, तरी नव्या जोडणीत ३२ जीबीपेक्षा कमी घेऊ नये असे सुचवतो. वाद्यवृंदासाठी ६४ जीबीपासून सुरुवात करावी. मात्र गरजेपेक्षा अधिक घेतलेली रॅम वेग वाढवत नाही. ती नुसती रिकामी राहते.

चार स्टिकबाबत सावध करतो. डीडीआर-५ या रॅमच्या प्रकारात साध्या मदरबोर्डवर चारही खाचा भरल्या की रॅमला बहुधा कमी वेगावर चालवावे लागते, आणि कधीकधी यंत्र स्थिर राखण्यासाठी बरीच खटपट करावी लागते. पुढे ६४ जीबी लागणार याचा अंदाज असेल तर आताच ३२ जीबीच्या दोन स्टिक एकाच संचातल्या घ्याव्यात. त्या कोणत्या खाचांत बसवायच्या हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते. बहुतेक वेळा प्रोसेसरपासून मोजता दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. बसवल्यानंतर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो हा पर्याय चालू केल्याशिवाय रॅम खोक्यावर छापलेल्या वेगाने चालत नाही. आणि जोडणी झाल्यावर पहिल्यांदा कळ दाबली की पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. त्या वेळी मदरबोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. काहीतरी चुकले असे समजून वीज तोडण्याची घाई करू नये.

प्रश्न : बाजारातील सर्वांत वेगवान एनव्हीएमई (वेगवान जोडणीची) एसएसडी घ्यावी का? माझ्या सर्व लायब्ररी सध्या जुन्या हार्ड डिस्कवर आहेत.

उत्तर : आधी ध्वनिमुद्रणाचे गणित करू. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर एका मोनो ट्रॅकला सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात. एकाच वेळी ३२ ट्रॅक मुद्रित केले तरी सेकंदाला सुमारे ४.६ एमबी आणि तासाला साधारण १६.६ जीबी इतकेच होते. साटा या जुन्या, साध्या जोडणीची एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या पुढे वाचते, म्हणजे मुद्रणासाठी सर्वांत वेगवान डिस्कची काहीही आवश्यकता नाही.

लायब्ररीची गोष्ट वेगळी आहे. दोन्ही हातांनी वाजवताना डिस्कवरच्या विखुरलेल्या शेकडो जागांमधून लहान लहान तुकडे एकदम हवे असतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येण्यातच सरासरी चार मिलिसेकंद जातात, आणि टोक त्या वर्तुळापर्यंत सरकण्याचा वेळ त्याहून वेगळा. अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच स्वैर वाचने करू शकते, तर साधी एसएसडी हजारो करते. तेव्हा खरी झेप हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येण्यात आहे. त्यापुढे चौथ्या पिढीच्या जागी पाचव्या पिढीची एनव्हीएमई घेतल्याने वाजवण्यात काहीच फरक जाणवणार नाही. मोठा प्रकल्प उघडायला लागणारा वेळ थोडा कमी झाला तर झाला, आणि तोही त्या प्रमाणात नाही, कारण दाबून साठवलेली सॅम्पल उलगडण्याचे काम प्रोसेसरला करावे लागते.

लायब्ररी एसएसडीवर हलवल्यानंतर एक गोष्ट आवर्जून करावी. कॉन्टॅक्टमध्ये प्रत्येक सॅम्पलचा किती भाग आधी रॅममध्ये घ्यायचा हे ठरवता येते. हार्ड डिस्कच्या काळात हा आकडा मोठा ठेवावा लागे. आता तो कमी करून पाहावा. त्याच प्रकल्पाची रॅमची गरज लक्षणीय घटते, आणि अनेकांना नवी रॅम घेण्याची गरजच उरत नाही.

विंडोज आणि चालू प्रकल्पांसाठी एक टीएलसी प्रकारची (सतत लिहिणे अधिक सोसणारी) एसएसडी आणि लायब्ररीसाठी दुसरी मोठी एसएसडी अशी विभागणी मला पटते. लायब्ररी एकदा लिहायची आणि अनेकदा वाचायची असल्याने तेथे स्वस्त क्यूएलसी प्रकार चालतो. सतत लिहिण्यासाठी मात्र तो टाळावा. मदरबोर्ड निवडताना एनव्हीएमई बसवण्याच्या एम.२ खाचा किती आहेत आणि त्यांतील एखादी वापरल्यावर साटाचे काही पोर्ट बंद पडतात का, हे पुस्तिकेत तपासून घ्यावे. आपली हार्ड डिस्क टाकून देऊ नका; प्रकल्पांच्या दुसऱ्या प्रतीसाठी ती उत्तम आहे.

प्रश्न : महागडे ग्राफिक्स कार्ड घेतल्याने संगीताचे सॉफ्टवेअर वेगाने चालेल का?

उत्तर : नाही. जवळजवळ सर्व ध्वनी प्लगइनचे गणित प्रोसेसरच करतो. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स दोन पडद्यांना सहज पुरतात. इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाअखेर एफ असतो त्यांत ती सोय नसते, एवढे पाहून घ्यावे. व्हिडिओ संकलन किंवा मिश्रणातून गायन वेगळे काढणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरत असाल तरच स्वतंत्र कार्डाचा विचार करावा.

प्रश्न : माझा नवा संगणक सर्व चाचण्यांत उत्तम ठरला. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर तीस टक्क्यांच्या वर जात नाही, तरीही ध्वनीत मधूनमधून तडतड येते. दोष कशात असावा?

उत्तर : हा अनुभव अनेकांनी कळवला आहे आणि त्याने होणारा मनस्ताप मी समजू शकतो, कारण चांगले भाग घेऊनही काम अडते. टास्क मॅनेजर सर्व कोअरची आणि काही काळाची सरासरी दाखवतो. एक कोअर पूर्ण भरलेला आणि बाकीचे निवांत असले तरी सरासरी कमीच दिसते. म्हणून संगीताच्या सॉफ्टवेअरमधील स्वतःचा मापक पाहावा. तो बफरच्या मुदतीशी तुलना करतो.

तेथेही भार कमी दिसत असेल, तर संशय ड्रायव्हरवर (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) घ्यावा. विंडोजमध्ये नेटवर्क, ग्राफिक्स, यूएसबी अशा उपकरणांचे ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर ताब्यात घेतात आणि त्यांचे काम संपेपर्यंत त्या कोअरवर ध्वनीला थांबावे लागते. चांगला ड्रायव्हर काही मायक्रोसेकंदांत बाजूला होतो. एखादा तीन मिलिसेकंद अडून बसला, तर १२८ सॅम्पलच्या बफरची मुदत टळलीच. लेटन्सीमॉन नावाचे साधन हे नेमके दाखवते. आपला नेहमीचा प्रकल्प वाजत ठेवून ते दहा-पंधरा मिनिटे चालू द्यावे आणि सर्वाधिक वेळ घेणारी फाइल कोणत्या ड्रायव्हरची आहे ते पाहावे. वायफायचा ड्रायव्हर असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय बंद करून पुन्हा तपासावे. ग्राफिक्सचा असेल तर त्याची दुसरी आवृत्ती टाकून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवावा, यूएसबी पोर्टची वीज वाचवण्यासाठी त्यांना झोपवणारा पर्याय बंद करावा, आणि रंगीत दिवे किंवा पंखे नियंत्रित करणारी मदरबोर्डची जादा सॉफ्टवेअर काढून टाकावीत. ती सेन्सरची सतत विचारपूस करत राहतात.

ऑडिओ इंटरफेसचा (मायक्रोफोन आणि स्पीकर संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचा) ड्रायव्हर त्याच्या निर्मात्याने दिलेलाच हवा. स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेली एएसआयओ पद्धत विंडोजचा मधला पसारा टाळून थेट उपकरणाशी बोलते. एएसआयओफॉरऑल हे विंडोजच्या ड्रायव्हरवर चढवलेले आवरण आहे. इंटरफेस नसताना ते कामी येते, पण निर्मात्याच्या चांगल्या ड्रायव्हरची जागा ते घेऊ शकत नाही.

याच पत्रात आपण लिहिले आहे की गायिकेला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो. त्यासाठी मास्टर चॅनेल तपासा. लिनियर फेज इक्वलायझर आणि पुढचा ध्वनी आधी पाहून काम करणारे लिमिटर यांना स्वभावतःच काही मिलिसेकंद ध्वनी धरून ठेवावा लागतो आणि कोणताही प्रोसेसर तो विलंब पुसू शकत नाही. ध्वनिमुद्रण चालू असताना असे प्लगइन बंद ठेवावेत, बफर ६४ किंवा १२८ ठेवावा, आणि मिक्सिंगला बसताना तो ५१२ किंवा १,०२४ करावा. जे ट्रॅक ठरून गेले आहेत ते फ्रीझ करावेत, म्हणजे प्लगइनसह तयार ध्वनी म्हणून साठवावेत.

प्रश्न : संगणक आणि मायक्रोफोन एकाच खोलीत आहेत. पंख्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून कोणते भाग घ्यावेत?

उत्तर : उष्णता कमी निर्माण होईल अशी व्यवस्था आधी करावी, मग ती शांतपणे बाहेर काढण्याचा विचार करावा. आजचे प्रोसेसर शेवटच्या काही टक्के वेगासाठी बरीच जास्त वीज खातात. बायोसमध्ये विजेची मर्यादा कमी केली, किंवा एएमडीच्या बाबतीत इको मोड चालू केला, तर वेग थोडासाच घटतो आणि तापमान मात्र पुष्कळ उतरते. कूलर हवेवर चालणारा, उंच आणि भरघोस पत्र्यांचा घ्यावा. पाण्यावर चालणाऱ्या कूलरमध्ये पंख्यांच्या जोडीला पंपाचाही आवाज असतो. कॅबिनेटमध्ये १४० मिलिमीटरचे पंखे संथ फिरवावेत, कारण मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढीच हवा ढकलतो. बायोसमध्ये पंख्यांचा वेग वाढण्यास काही सेकंदांचा उशीर द्यावा. प्रत्येक प्लगइन उघडताना पंखा उसळला तर तो चढउतार स्थिर घोंघावण्यापेक्षा अधिक लक्ष वेधतो आणि नंतर काढणेही कठीण जाते.

एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) गरजेपेक्षा थोडा मोठा घ्यावा. अनेक चांगल्या मॉडेलचा पंखा कमी भारावर फिरतच नाही. समोर काच असलेल्या कॅबिनेटपेक्षा जाळीचे बरे, कारण हवा सहज आत आली की पंख्यांना धडपडावे लागत नाही. एवढे झाल्यावर संगणक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या) मायक्रोफोनच्या पाठीमागच्या बाजूला आणि शक्य तितका दूर ठेवावा. इंटरफेसला जोडणारी यूएसबी २ ची साधी केबल पाच मीटरपर्यंत चालते.

प्रश्न : थंडरबोल्ट असलेला मदरबोर्ड आवश्यक आहे का? शिवाय, माझ्या स्पीकरमधून माउस हलवताना बारीक किरकिर ऐकू येते. इंटरफेस बदलावा का?

उत्तर : आपला इंटरफेस यूएसबीचा असेल तर थंडरबोल्टची (यूएसबीहून वेगळ्या, वेगवान जोडणीची) गरज नाही. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झचे ३२ चॅनेल मिळून सेकंदाला सुमारे ७४ मेगाबिट होतात आणि यूएसबी २ ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट आहे. विलंब किती राहील हे तारेच्या प्रकारापेक्षा ड्रायव्हर किती चांगला लिहिला आहे यावर ठरते. जास्त चॅनेलचा थंडरबोल्ट इंटरफेस आधीच हाताशी असेल तरच तसा मदरबोर्ड शोधावा, आणि त्या इंटरफेसचा निर्माता विंडोजवर थंडरबोल्ट चालवू देतो का हे आधी विचारून घ्यावे.

माउसबरोबर येणारी किरकिर ही बहुतेक वेळा ग्राउंड लूपची खूण असते. संगणक आणि स्पीकर दोन वेगळ्या वाटांनी जमिनीशी जोडलेले असतात, आणि यूएसबीच्या तारेतून येणारा संगणकाचा विद्युत गोंगाट त्या फेऱ्यातून स्पीकरपर्यंत पोहोचतो. इंटरफेस बदलून तो जाईलच असे नाही. प्रथम इंटरफेस आणि स्पीकर यांच्यामधील केबल पाहा. ती साधी, दोन भागांच्या प्लगची (टीएस) असेल तर तिच्या जागी दोन्ही टोकांना टीआरएस (तीन भागांचा) किंवा एक्सएलआर प्लग असलेली बॅलन्स्ड केबल लावा. अनेकदा एवढ्यानेच शांतता होते. मग संगणक, इंटरफेस आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरीही किरकिर उरली तर इंटरफेस आणि स्पीकर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर लावता येतो. काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देतात. आवाज त्याने थांबतो, पण उपकरणात बिघाड झाल्यास त्याच्या धातूच्या पेटीत वीज उतरून जिवावर बेतू शकते. ते कदापि करू नये.